सदतीस कप्पे, छत्तीसचा हिशोब : रुलेटचं गणित समजून घेऊया



मागच्या महिन्यात पालकसभा संपल्यावर एक आई मागे थांबल्या. म्हणाल्या, "मॅडम, माझा मोठा मुलगा कॉलेजात आहे. मोबाईलवर ते गोल चाकाचं खेळतो, पैसे लावून. रागावले तर म्हणतो, आई, यात गणित आहे. हरलं की पुढच्या वेळी डबल लावायचं. कधीतरी जिंकतोच, मग सगळं वसूल. त्याचं कुठेतरी चुकतंय एवढं कळतं, पण कुठे ते मला सांगता येत नाही."

खरं सांगते, मलाही तिथल्या तिथे सांगता आलं नाही. "ताई, दोन दिवस द्या," म्हटलं आणि घरी कागद-पेन घेऊन बसले. तेच आज तुमच्यापुढे मांडते. (आणि "मॅडम आता जुगार शिकवणार का?" असं ज्यांच्या मनात आलं असेल, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.)

हा खेळ म्हणजे रुलेट. गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटींवर हे चाक असतं. मूळ युरोपियन चाकाला ३७ कप्पे असतात : ० ते ३६. त्यातले १८ लाल, १८ काळे आणि शून्य हिरवं. चाक फिरवतात, उलट दिशेने छोटी गोटी सोडतात, ती ज्या कप्प्यात थांबेल तो अंक जिंकतो.

पैसे लावायचे प्रकार बरेच आहेत. एकाच अंकावर लावता येतात, दोन, तीन, चार किंवा सहा अंकांवर मिळून लावता येतात, बारा अंकांच्या गटावर लावता येतात, नाहीतर लाल-काळा, सम-विषम असे अठरा अंकांवर. प्रत्येकाचा भाव वेगळा. पहिल्यांदा बघितलं तर डोकं गरगरतं. पण पाचवीच्या मुलालाही जमेल अशी एक किल्ली यात आहे. तुम्ही जितके अंक धराल, त्या संख्येने ३६ ला भागा. जिंकलात तर रुपयामागे तेवढे रुपये हातात येतात, तुमचा स्वतःचा रुपया धरून. एक अंक, ३६ रुपये. दोन अंक, १८. तीन, १२. चार, ९. सहा, ६. बारा, ३. अठरा, २. म्हणजे आपण वर्गात शिकवतो तेच ३६ चे विभाजक!

आता गंमत बघा. सगळा भाव ३६ च्या हिशोबाने आणि चाकाला कप्पे मात्र ३७. प्रत्येक अंकावर एकेक रुपया ठेवला तर खर्च ३७ आणि परत येणार ३६. गोटी कुठेही थांबो, एक रुपया गेलाच. शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे. कॅसिनोला चाकात लबाडी करायची गरजच नाही, कारण त्याची कमाई त्या हिरव्या शून्यात आहे. अमेरिकन चाकाला तर दोन शून्यं असतात, कप्पे ३८, भाव तोच. तिथे शंभरामागे ५ रुपये २६ पैसे जातात. त्या चाकावर ०, ००, १, २, ३ अशा पाच अंकांवर मिळून पैसे लावायचाही एक प्रकार आहे. ३६ ला ५ ने पूर्ण भाग जात नाही, ७.२ येतात. हातात देतात ७. वरचे दशांशही कॅसिनोच्या खिशात!

"इतक्या वेळा काळा आला, आता लाल येणारच," हा दुसरा गैरसमज. लुडो खेळताना मुलं म्हणतात ना, कधीचा सहा पडला नाही, आता नक्की पडणार! १८ ऑगस्ट १९१३ ला मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत सलग २६ वेळा काळा आला. लोक दर वेळी "आता तरी लाल" म्हणत पैसे वाढवत गेले आणि बुडाले. मागच्या वेळी काय आलं हे गोटीला माहीत नसतं. लालची शक्यता दर वेळी ३७ पैकी १८, एवढीच.

आता त्या मुलाच्या 'डबल'कडे येऊ. १० रुपयांपासून सुरुवात, हरलं की दुप्पट : १०, २०, ४०, ८०, १६०, ३२०, ६४०. सलग सात वेळा हरलात तर १२७० रुपये गेले आणि आठव्यांदा लावायला १२८० हवेत. मध्ये कुठेही जिंकलात तर मागचं वसूल होऊन वर किती मिळतात? फक्त १० रुपये! चौथ्यांदा जिंका नाहीतर सातव्यांदा, नफा दहाच.

"सलग सात वेळा कोण हरतं?" असं तो म्हणतो. लालवर लावले तर हरण्याची शक्यता ३७ पैकी १९. हा अपूर्णांक सात वेळा गुणला की साधारण १०६ पैकी १ येतो. म्हणजे सरासरी १०५ वेळा दहा-दहा रुपये मिळाले, १०५० झाले, आणि एकदा १२७० गेले. चूक इथे आहे. तो जिंकण्याच्या वेळा मोजतोय, रुपये मोजत नाहीये. हेही चाक प्रामाणिक आहे असं धरून. मोबाईलवर अनेकदा खरं चाक नसतंच, नुसतं चित्र असतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध संसदेने २०२५ साली कायदाच केलाय.

वर्गात हे करून बघायचं असेल तर माझी फजिती आधी ऐका. मी मुलांना चिंचोके वाटले, ० ते ३६ च्या चिठ्ठ्या केल्या आणि बँकेचा डबा घेऊन बसले. अर्ध्या तासात माझाच डबा रिकामा! मुलं नाचायला लागली. थोड्या डावांत असं होऊ शकतं, आणि माणूस नेमका इथेच फसतो. दुसऱ्या दिवशी पद्धत बदलली. फरशीवर खडूने ३७ घरं आखली, सगळ्या घरांत एकेक चिंचोका ठेवायला लावला. कुणीही चिठ्ठी काढो, मी ३६ परत देणार. दहा चिठ्ठ्या झाल्या, डब्यात दहा चिंचोके. "मॅडम, शून्याची चिठ्ठी काढून टाका ना!" एक मुलगी ओरडली. दहावीला संभाव्यता शिकेपर्यंत तिला एवढं पुरे.

त्या ताईंना मी १०५० आणि १२७० चा कागद दिला. चार दिवसांनी मुलाचा उलट प्रश्न आला : "आठ वेळा डबल करायची तयारी ठेवली तर?" मी करून पाठवलं. साधारण २०७ मध्ये एकदा फटका, २०६ वेळा मिळून २०६० रुपये येतात आणि एका फटक्यात २५५० जातात. आता नऊ वेळांचं त्यालाच करायला सांगितलंय. तुम्हीही करून बघा. फटका ५११० चा आहे.