फोनची वीज कोठे जळते?

रात्रीच्या वर्गात एका आजींनी मला विचारले, "गुरुजी, सून रात्रभर फोन चार्जिंगला लावून ठेवते. त्यानं बिल वाढतं का हो?"

मी म्हटले, "आजी, आपण हिशेबच करू." फळ्यावर आकडे मांडले. तुम्हीही पाटीवर मांडून पाहा.

आजकालचा फोन एकदा पुरा चार्ज करायला सुमारे २५ वॉट-तास वीज लागते. १,००० वॉट-तास म्हणजे एक युनिट. म्हणजे एका युनिटात फोन ४० वेळा चार्ज होतो. रोज लावला तरी महिन्याला एक युनिट भरत नाही.

आजी म्हणाल्या, "अगं बाई! उगीच बोलले पोरीला." सारा वर्ग हसला.

पण खरा खर्च आपल्या बिलात दिसत नाही. आपण फोनवर भजन पाहतो. ते पुष्कळदा फोनमध्ये नसतेच. ते दूर एका मोठ्या इमारतीत साठवलेले असते. तिला डेटा सेंटर म्हणतात. आपल्या कणगीत धान्य असते, तिच्यात माहिती असते. नवी मुंबईत ऐरोली, महापे भागात अशा इमारती आहेत. आत संगणक रात्रंदिवस चालतात आणि तापतात. त्यांना थंड ठेवायलाही वीज लागते, काही ठिकाणी पाणीही लागते. २०२४ साली जगातल्या अशा कोठारांनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगात वापरलेल्या शंभर युनिटांतले हे दीड युनिट. थोडे वाटते, पण दरवर्षी वाढते आहे.

आणि ही वीज येते कोठून? आपल्या देशात निम्म्याहून जास्त वीज अजून कोळशाची. एका युनिटामागे अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. चंद्रपूरच्या वीज केंद्राला पाणी इरई धरणाचे लागते. धूर आणि राख तिथल्या लोकांच्या वाट्याला येते. भजन मात्र आपण ऐकतो!

आता दुसरी बाजू. फोनमुळे होणाऱ्या धुरातला मोठा वाटा तो कारखान्यात तयार होतानाच होऊन गेलेला असतो. खाणीतून तांबे, कोबाल्ट, थोडे सोने काढावे लागते. म्हणून दोन वर्षांत फोन बदलण्यापेक्षा बॅटरी बदलून तोच पाच वर्षे वापरला, तर फायदा जास्त. दुकानदार हे सांगणार नाही.

बिघडलेल्या वस्तूंचे काय? २०२२ साली जगात असा विजेच्या वस्तूंचा कचरा ६ कोटी २० लाख टन झाला. त्यातला चौथा हिस्साही नीट गोळा झाला नाही. आमच्याच ओढ्याकाठी दोन पोरे तांब्यासाठी वायरी जाळत होती. काळा, उग्र धूर. तो विषारी असतो. राखेतले शिसे पावसाने ओढ्यात उतरते. त्याच ओढ्यावर गुरे पाणी पितात. पोरांना मी रागे भरलो. पण भंगारवाला तांब्याचे पैसे देतो, हेही खरे.

२०२२ च्या सरकारी नियमांप्रमाणे असा कचरा नोंदणी झालेल्या कारखान्यातच मोडायचा असतो. वर्गात आम्ही एक पत्र्याची पेटी ठेवली आहे. पहिले तीन बंद फोन आजींनीच आणले. एकाची बॅटरी फुगली होती. ती न ठोकता, न टोचता वाळूच्या डब्यात वेगळी ठेवली आहे. पेटी भरली की शहरातल्या अशा कारखान्याला पोहोचवायची. गाडीभाडे कोणी द्यायचे, ते सोमवारी वर्गात ठरेल.