बुरशीचा मका आणि यकृताचा आजार



खरिपाचा मका काढणीस येतो त्याच सुमारास परतीचा पाऊस गाठतो. ओली कणसे ढिगात राहतात, तापतात आणि दाण्यांवर हिरवट-पिवळी बुरशी चढते. अशा मालाला बाजारात भाव मिळत नाही, म्हणून तो घरी खाण्यासाठी ठेवला जातो. ही काटकसर जिवावर बेतू शकते. हे यापूर्वी आपल्या शेजारीच घडलेले आहे.

१९७४ चा उद्रेक

१९७४ साली गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा भागात ऑक्टोबरात अवकाळी पाऊस झाला आणि उभ्या मक्याला बुरशी लागली. त्यानंतर तेथील आदिवासी गावांत काविळीची साथ पसरली. थोडा ताप, उलट्या, मग कावीळ, पायांवर सूज आणि पोटात पाणी असा आजाराचा क्रम होता. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले.

कावीळ म्हटली की प्रथम दूषित पाण्यातील विषाणूंचा संशय येतो. परंतु येथे तीन गोष्टी वेगळ्या होत्या. आजार मका हेच मुख्य अन्न असलेल्या कुटुंबांतच होता, तान्ही मुले बचावली होती आणि गावातील कुत्रीही काविळीने मरत होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथील मका तपासला. त्यात किलोमागे सुमारे ६ ते १५ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन आढळले. आज आपल्या देशात धान्यासाठी किलोमागे १५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. म्हणजे ते विष मर्यादेच्या चारशे पटींहून अधिक होते.

२००४ साली केनियातही असेच घडले. ओलसर मका घरात साठविलेल्या कुटुंबांत ३१७ जण आजारी पडले व १२५ मृत्यू पावले.

अफ्लाटॉक्सिन हे अॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचे विष होय. भाकरी भाजल्याने किंवा कण्या शिजविल्याने ते पुरते नष्ट होत नाही. बुरशी झटकून दाणा स्वच्छ दिसला तरी विष आत राहू शकते.

कावीळ दिसल्यास काय करावे?

१) डोळे पिवळे झाल्यावर रुग्ण गुंगीत जाणे, असंबद्ध बोलणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे ही यकृत निकामी होत असल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी एक तासही न दवडता मोठ्या रुग्णालयात न्यावे. काविळीच्या माळा व झाडपाल्याचे औषध यात वेळ घालवू नये. तापासाठी गोळ्याही मनाने देऊ नयेत.

२) उपचार कारणावर अवलंबून असतात. विषाणू, क्षयरोगाची औषधे, उंदीर मारण्याचे पिवळ्या फॉस्फरसचे मलम व बुरशीचे धान्य या सर्वांनी यकृत निकामी होऊ शकते. म्हणून गेल्या काही आठवड्यांत रुग्णाने काय खाल्ले, कोणती औषधे घेतली, घरात आणखी कोण आजारी आहे, जनावरे किंवा कुत्री मेली का, हे डॉक्टरांना न लपविता सांगावे. घरातील धान्याचा मूठभर नमुना कागदी पिशवीत घालून सोबत न्यावा.

३) अफ्लाटॉक्सिनवर खास उतारा नाही. ते धान्य ताबडतोब बंद करणे हाच पहिला उपाय होय. गावात एकाच वेळी अनेकांना कावीळ झाल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. पाण्याबरोबर धान्यही तपासण्याची विनंती करावी.

काढणी ते साठवण

- पक्व कणसे पावसात उभी ठेवू नयेत. काढल्यावर ढीग न करता ताडपत्रीवर पातळ पसरावीत.
- बुरशीची, किडकी, फुटकी कणसे मळणीपूर्वीच वेगळी करावीत.
- दाण्यातील ओलावा १२ ते १३ टक्क्यांपर्यंत आणावा. अंदाजासाठी कोरड्या काचेच्या बरणीत दाणे व थोडे कोरडे मीठ घालून हलवावे. मीठ काचेला चिकटल्यास दाणा अजून ओला आहे असे समजावे.
- पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत.
- वेगळा काढलेला माल जनावरांनाही घालू नये. हे विष दुधात उतरते. तो खोल खड्ड्यात पुरावा.

बंधूंनो, दोन पोती मका टाकून देताना जीव तुटतो, हे खरे आहे. परंतु यकृत निकामी झाल्यावर डॉक्टरांच्या हाती फार थोडे उरते. हा आजार रोखण्याची खरी जागा आपले खळे व आपली कणगी हीच होय.