बोंडअळीचा धडा आणि नालीतले डास

पाऊस लागला की मिस्सानंतर कोणी ना कोणी विचारतो, "फादर, फवारणीचं उरलेलं औषध नालीत ओतलं तर डास मरतील का?" निर्ण्यातल्या बंधुभगिनींना आमचे सांगणे आहे की तसे मुळीच करू नये. तेच पाणी कोंबड्या आणि जनावरे पितात. डासांच्या अळ्यांसाठी औषध निराळे आहे आणि ते एका जंतूपासून मिळते.

१९७६ साली इस्राएलच्या नेगेव वाळवंटातील एका डबक्यात हा जंतू सापडला. त्याला बीटीआय म्हणतात. बीटी कपाशीत ज्या जंतूचा गुण घातला आहे, त्याचाच हा भाऊबंद. याच्या पोटात विषाचे बारीक स्फटिक तयार होतात. अळीने ते गिळले की तिच्या आतड्यातील खारात ते विरघळतात, आतड्याला भोके पडतात आणि साधारण दिवसाभरात ती मरते. माणसाला, गुरांना वा माशांना त्यापासून अपाय होत नाही. गोव्यात हिवतापाच्या डासांवर १९९० नंतरच्या दशकात याचे प्रयोग झाले.

पण घाण पाण्यात बीटीआय फार दिवस टिकत नाही. तेथे स्फेरिकस नावाचा दुसरा जंतू अधिक टिकतो. नालीतला डास हत्तीरोग पसरवतो, आणि बीदर व कलबुर्गी हे दोन्ही जिल्हे त्या रोगाचे, म्हणून आम्हांला याचे महत्त्व. मात्र स्फेरिकसचे मुख्य विष एकच. कोचीच्या डासांना ते पचू लागल्याचे १९९५ साली प्रसिद्ध झाले. गुलाबी बोंडअळीने कपाशीत काय केले ते शेतकऱ्यांना आम्ही काय सांगावे! बीटीआयमध्ये चार विषे एकत्र असतात, म्हणून अळीला ती सहसा पचत नाहीत. हे ओळखून कॅलिफोर्नियातील ब्रायन फेडेरिसी यांच्या प्रयोगशाळेने स्फेरिकसच्या विषाचे जनुक बीटीआयमध्ये घातले. नालीतल्या डासांच्या अळ्यांवर त्याचा जोर दहापटींहून अधिक दिसला.

देवाच्या सृष्टीत असा हात घालावा काय? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' परिपत्रकात अशा फेरफारांवर सरसकट निवाडा दिला नाही. प्रत्येक प्रकरण नीट तपासावे, असे म्हटले. आम्हांला ते पटते. आपल्याकडे सरकारी मोहिमेत वापरतात तो बीटीआय फेरफार न केलेला, नैसर्गिकच आहे.

औषध टाकण्यापूर्वी पाण्यात डोकावून पाहावे. स्वल्पविरामासारखे वळलेले जीव दिसले तर ते कोष होत. कोष काहीच खात नाहीत, म्हणून हे औषध त्यांना लागत नाही. पिंपातले असे पाणी सरळ कोरड्या जमिनीवर ओतून टाकावे.