मालवण ते देवबाग : दोन दिवसांचा किनारा

कोकण रेल्वेच्या कुडाळ स्थानकापासून सुमारे ३० किलोमीटरवर मालवण वसलेले आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन जो नवा जिल्हा अस्तित्वात आला, त्याला सिंधुदुर्ग हे नाव मिळाले ते येथील जलदुर्गावरून. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये त्याचे बांधकाम आरंभिले. चहूकडे खारे पाणी असूनही आतील दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरींचे पाणी मात्र गोडे आहे. दुर्गदर्शनास एक सकाळ पुरते. पावसाळ्यात होड्या बंद असल्याने तट किनाऱ्यावरूनच पाहावा लागतो.

दुसरा दिवस तारकर्ली व देवबागसाठी राखावा. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास कर्ली नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माडांच्या सावलीत वस्ती, अशी देवबागची रचना आहे. प्रवाशास मोह घालणारी ही पट्टी ग्रामस्थांस मात्र चिंतेची वाटते. समुद्र तिची धूप करीत असतो आणि त्यासाठी दगडी बंधारे घालावे लागले आहेत.

किनाऱ्यावर रापण लागलेली असेल तर ती अवश्य पाहावी. होडीतून जाळे अर्धवर्तुळाकार सोडतात. दोन्ही टोकांचे दोर वाळूवर उभ्या असलेल्या दोन रांगा ओढीत आणतात आणि हाती लागलेल्या मासळीचे वाटे पडतात. या पारंपरिक मच्छीमारांचा पर्ससीन नौकांशी दीर्घकाळ संघर्ष चालला. २०१६ मध्ये राज्य शासनाने त्या नौकांवर निर्बंध घातले. रापणीस मोकळी वाळू लागते. खुर्च्या, तंबू व जलक्रीडेची साधने यांनी ती व्यापली, तर पर्यटनही मच्छीमारांस अडचणीचेच ठरावे.

येथील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यातील प्रवाळ दगडासारखे दिसले तरी ते सजीव आहेत. त्यांची वाढ अत्यंत संथ असते. नांगराच्या एका घावाने किंवा पोहणाऱ्याच्या पायाने वर्षानुवर्षांची वाढ मोडते. पाण्याखालील सृष्टी पाहण्यास उतरणाऱ्याने तरंगत राहावे, कशावरही उभे राहू नये.

मुक्कामास हॉटेलांपेक्षा गावातील न्याहारी-निवासाची घरे अधिक सोयीची. पावसाळी मासेमारीबंदीत ताज्या मासळीचा आग्रह धरू नये. त्या दिवसांत मालवणी ताटात सुका जवळा व सोलकढी असते, आणि तीही कमी रुचकर नसते.