जीभ व तोंड : शरीरातील रोगांचा आरसा



डॉक्टर ‘जीभ दाखवा’ म्हणतात ते उगीच नाही. जिभेवरील पातळ आवरणाच्या पेशी थोड्याच दिवसांत नव्याने तयार होत असतात. म्हणून पोषणात उणीव आली की ती येथे लवकर दिसते. पुढील लक्षणे सर्वांनी ध्यानात ठेवावीत.

१) फिकट, गुळगुळीत जीभ व चिरलेले ओठांचे कोपरे : ही बहुधा लोहाच्या कमतरतेची खूण. जीभ लालबुंद होऊन तिखट झोंबते व हातापायांना मुंग्या येतात, तेव्हा ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करावी.

२) फिकेपणाबरोबर डोळे व जिभेखालचा भाग पिवळा, वारंवार हाडे-सांधे दुखणे : सिकलसेल आजाराची शंका घ्यावी. विदर्भात हा आनुवंशिक आजार आपल्या समाजातही आढळतो. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ४ पैकी १ असते. म्हणून लग्न ठरविताना पत्रिका नव्हे, रक्ततपासणीचा अहवाल पाहावा.

३) दह्यासारखा पांढरा थर : ही बुरशी. तान्ह्या बाळांत ती नेहमी दिसते; परंतु प्रौढांत वारंवार झाल्यास मधुमेह व एच.आय.व्ही.ची तपासणी करावी. हिरड्या सुजून दात हलू लागले, तोंड कोरडे पडले, तरीही रक्तातील साखर तपासावी.

४) पुसूनही न निघणारा पांढरा वा लाल चट्टा, २ आठवड्यांत न भरणारी जखम, तोंडात ३ बोटे उभी न मावणे : ही कर्करोगाची किंवा त्याच्या पूर्वावस्थेची सूचना असू शकते. तंबाखू, खर्रा, गुटखा, सुपारी हे त्याचे मूळ. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. तरी व्यसन सुटते ते स्वतःच्या निश्चयानेच.

५) ओठ व जीभ निळसर, धाप लागणे : रक्तात प्राणवायू कमी. रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

एका लक्षणावरून रोग ठरत नाही. तो तपासणीनेच ठरतो. तथागतांनी आजारी भिक्खूची सेवा स्वतःच्या हातांनी केली. आपणही महिन्यातून एकदा उजेडात, आरशासमोर स्वतःचे व घरातील वडीलधाऱ्यांचे तोंड पाहावे. अंगारा-धुपाऱ्यात वेळ न घालविता वेळीच दवाखाना गाठावा. पंचशीलातील पाचवे शील निर्व्यसनी राहण्यास शिकविते. त्याच्या पालनाने आपले आरोग्यही राखले जाईल.

जयभीम! नमो बुद्धाय!