रेडिओची रेंज आणि केंद्रांची स्पर्धा



दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गातली एक मुलगी म्हणाली, "सर, वणीला मामाकडे आपलं यवतमाळ केंद्र लागतच नाही. तिथं चंद्रपूर लागतं. वणी तर आपल्याच जिल्ह्यात आहे ना?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यात विज्ञान, भूगोल आणि व्यवहार तिन्ही आहेत. चला, समजून घेऊ.

लहरी किती दूर जातात?

आकाशवाणी यवतमाळ हे एफएम केंद्र आहे, 102.7 मेगाहर्ट्झचं. एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे 100 मीटर उंच मनोऱ्यावरची लहर सपाट भागात साधारण 40 किलोमीटरपर्यंत नीट पोहोचते. पुढे आवाज क्षीण होतो. मध्ये डोंगर आला तर त्याआधीच अडतो. मनोरा चौपट उंच केला तरी अंतर दुप्पटच वाढतं. याउलट नागपूर केंद्राची मध्यम लहर जमिनीला धरून जाते, म्हणून ती फार दूर ऐकू येते. मात्र तिच्यात खरखर जास्त.

आता नकाशा बघा. यवतमाळहून वणी आणि उमरखेड दोन्ही सुमारे शंभर किलोमीटर. पण वणीला चंद्रपूर जवळ आणि उमरखेडला नांदेड. लहरींना जिल्ह्याची हद्द कळत नाही.

मग स्पर्धा कुठे?

जिथं दोन केंद्रं सारखीच स्पष्ट लागतात, तिथंच खरी स्पर्धा असते. तिथं श्रोता कार्यक्रम बघून केंद्र निवडतो. जिथं एकच लागतं, तिथं कार्यक्रम कसाही असो, श्रोता त्याचाच! दुकानदारही जाहिरात तिथंच देतो, जिथलं केंद्र त्याचं गिऱ्हाईक ऐकतं. म्हणजे आधी रेंज, मग श्रोते, मग जाहिराती.

2024 मध्ये केंद्र सरकारने 234 नव्या शहरांत खाजगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत यवतमाळही आहे. या वाहिन्या आल्या तर चढाओढ मुख्यतः शहराभोवती होईल. झरी जामणीच्या शेतकऱ्याला त्यातलं काय मिळणार? पाऊस, कीड, कापसाचे भाव याची स्थानिक माहिती त्यालाच जास्त हवी असते, आणि रेंज त्याच्याकडेच कमी!

यावर एक उपाय म्हणजे सामुदायिक रेडिओ. त्याची ताकद साधारण 100 वॅट, पल्ला थोड्याच किलोमीटरचा. सातारा जिल्ह्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' हे असं केंद्र चालतं. असं केंद्र मोठ्यांशी पल्ल्यात लढू शकत नाही, पण आपल्या गावाची गोष्ट आपल्या बोलीत सांगण्यात ते पुढे राहू शकतं. आकाशवाणी आता मोबाईलवरही ऐकता येते, पण तिथंही नेटवर्क लागतंच.

वर्गात करून बघा

1. मुलांना आपापल्या आणि मामाच्या गावी कोणती केंद्रं लागतात ते लिहून आणायला सांगा.
2. जिल्ह्याच्या नकाशावर प्रत्येक केंद्राला वेगळा रंग द्या.
3. एकही रंग न लागलेली गावं शोधा. तिथं बातमी कशी पोहोचते, यावर चर्चा करा.

माझ्या वर्गात त्या मुलीनेच वणीवर पहिला रंग भरला. तुमच्या नकाशात काय दिसलं, जरूर कळवा.