घरच्या घरी इथेनॉल गाळून इंजिन चालवायचं? आधी हिशोब, मग नाद!



व्हिडिओ बघितला असेल तर वही-पेन घ्या, नसेल तरी चालेल. खालचं सगळं सोप्या भाषेत मांडलंय.

गेल्या महिन्यात कागल भागातल्या एका तरुणाचा फोन आला. "सर, घरचा ऊस आहे, गुऱ्हाळ आहे. पेट्रोल शंभराच्या पुढं गेलंय. इथेनॉल घरीच गाळतो, त्यावर ग्रासकटर, फवारणी पंप चालवतो आणि गावात विकतो. दोन लाख घालू का?" त्याचे दोन लाख वाचावेत म्हणून आजचा धडा.

पायरी 1 : इंजिनाला काय लागतं?

एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे एक लिटर पेट्रोलचं काम करायला जवळपास दीड लिटर इथेनॉल लागतं. हवेचं गणितही वेगळं आहे. एक किलो पेट्रोल जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त 9 किलो. म्हणून कार्ब्युरेटरचा जेट मोठा करावा लागतो. थंडीत इंजिन लवकर चालू होत नाही. टू-स्ट्रोक असेल तर नेहमीचं ऑइल इथेनॉलमध्ये नीट मिसळत नाही, आणि ऑइल मिळालं नाही की पिस्टन जाम! विहिरीवरचं डिझेल इंजिन तर नुसत्या इथेनॉलवर चालणारच नाही, कारण त्यात स्पार्क प्लग नसतो आणि इथेनॉल नुसत्या दाबानं सहज पेट घेत नाही.

पायरी 2 : परवडतं का?

एक टन उसाच्या रसातून साधारण 70 लिटर इथेनॉल निघतं. 2025-26 च्या हंगामाची एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3,550 रुपये. म्हणजे लिटरमागे नुसत्या उसाचे 50 रुपये. त्याची दीडपट केली की 75. अजून जळण, मजुरी, भांडी, वाया गेलेला माल काहीच धरलेलं नाही. कारखान्याचा उतारा आपल्याला घरी मिळणार नाही, हेही लक्षात घ्या.

गुळापासून केलं तर? लिटरला सुमारे दोन किलो गूळ जातो. चाळीस रुपये किलो धरला तरी 80 रुपये, आणि दीडपट म्हणजे 120. कोल्हापुरी गूळ जाळायचा नसतो भावांनो, विकायचा असतो!

पायरी 3 : कायदा

महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय मद्यार्क गाळणं गुन्हा आहे. "पिण्यासाठी नाही, इंजिनासाठी आहे" हे उत्तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडं चालत नाही. आणि बंद खोलीत त्या वाफेला ठिणगी लागली तर धंदा आणि घर दोन्ही जातं.

मग हे कुणी केलंच नाही का?

केलंय. आपल्या शेजारीच, सातारा जिल्ह्यात फलटणला. निंबकर कृषी संशोधन संस्थेत 1980 च्या दशकात डॉ. अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी गोड ज्वारीच्या रसापासून इथेनॉल काढलं, ऊर्ध्वपातनासाठी सौरऊर्जा वापरून पाहिली. पुढं त्यांनी निम्मं पाणी असलेल्या इथेनॉलवर चालणारी शेगडी बनवली. यातली शिकवण बघा : इंधन जितकं शुद्ध हवं तितका खर्च वाढतो. त्यांनी इंधन महाग करण्यापेक्षा साधन बदललं.

पायरी 4 : खरी संधी कुठं आहे?

2003 मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत पेट्रोलमध्ये 5 टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. 2025 मध्ये हे प्रमाण 20 टक्क्यांवर पोचलं. म्हणजे इथेनॉल तुमच्या गावातल्या प्रत्येक छोट्या इंजिनात आधीच शिरलंय! ते हवेतली ओल ओढतं, जुनं रबर खराब करतं. माझाच ग्रासकटर एका पावसाळ्यात टाकीत पेट्रोल ठेवून पडून राहिला. दिवाळीत बघतो तर कार्ब्युरेटर जाम, पाइप चिकट.

हाच धंदा आहे. कार्ब्युरेटर सफाई, इथेनॉलला टिकणारा पाइप, गॅस्केट, फिल्टर बदलणं. शिकायला शिवाजी उद्यमनगरात कारागिरांची कमी नाही. धरून चला : पाच गावांत 100 मशिन, वर्षातून दोन सर्व्हिस, प्रत्येकी 350 रुपये. 70,000 जमा. सर्व्हिसमागे 120 रुपयांचा माल गेला तर 24,000 वजा. हातात 46,000, तेही शेती सांभाळून. आकडे तुमच्या गावाप्रमाणं बदला, पद्धत हीच ठेवा.

गृहपाठ

1. काचेच्या मापाच्या नळीत 100 मिली पेट्रोल आणि 10 मिली पाणी घाला. झाकून हलवा, मग स्थिर ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं, त्यामुळं खालचा थर 30 मिलीच्या आसपास दिसेल. हे उघड्यावर, आगीपासून लांब करा. ग्राहकाला दाखवा, लगेच पटतं.
2. गावातली छोटी इंजिनं मोजा, यादी करा.
3. पावसाळ्याआधी टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामं करायला दहा जणांना सांगा. फुकट सांगा, विश्वास तिथूनच सुरू होतो.

त्या तरुणानं दोन लाख खिशातच ठेवलेत. सध्या तो यादी करतोय. तुम्ही कधी करताय?

भेटू पुढच्या धड्यात. धंदा करा, पण हिशोबानं!